शिट्टी ऐकू येते, वाट नाही

मागच्या सोसायटीतल्या मैत्रिणीच्या कुकरच्या शिट्ट्या मला माझ्या ओट्याशी उभं राहून मोजता येतात. तिच्याकडे जायचं तर मात्र रिक्षा. मधे भिंत, वर काचा. आमचं फाटक एका रस्त्यावर, तिचं दुसऱ्या. पायी अर्धा तास.

वाकडला येण्याआधी माझं आयुष्य पुण्याच्या शुक्रवार पेठेत गेलं. तिथे चुकलेली वाटही कुठेतरी निघायचीच. मंडईतून लक्ष्मी रोडला जाताना आई तुळशीबागेत शिरायची, रामाला हात जोडायची आणि पलीकडून बाहेर पडायची. गणपतीत एक बोळ मांडवाने अडला, तर दुसरा असायचाच. इथे सगळ्यांच्या गाड्या एकाच मोठ्या रस्त्यावर उतरतात. तिथे एक ट्रक बंद पडला की संपलं.

हा फरक मोजायची रीत मजेदार आहे. प्रत्येक नाक्यावर किती रस्ते मिळतात ते बघायचं : चौकात चार, तिठ्यावर तीन, 'पुढे रस्ता बंद' असेल तिथे एक. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी अमेरिकेतले रस्ते असे तपासले. त्यांच्या २०१५च्या लेखानुसार तिथे तुटक रस्त्यांचा कळस १९९४च्या सुमारास झाला. पुढचे नवे रस्ते पुन्हा एकमेकांना जास्त जोडलेले निघाले. मग २०२०मध्ये त्यांनी जगाचा हिशेब मांडला. १९७५पासून जगाच्या मोठ्या भागात नवी वस्ती उलट तुटकच होत चालली आहे.

आमच्याकडे हे कसं झालं, ते इथल्या एका जुन्या शेतकऱ्याने दोन वाक्यांत सांगितलं. भावाभावांत शेताच्या पट्ट्या झाल्या आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या बिल्डरने घेतली. ज्याने त्याने आपल्या फाटकापुरता रस्ता केला, जोडरस्ता नकाशावर राहिला, आणि बांधावर भिंत चढली. पेठेतले वाडे पडून इमारती आल्या, पण बोळ जिथल्या तिथे आहेत. घर बदलतं, वाट सहसा बदलत नाही. म्हणून ही भिंत मला जास्त खुपते.

अर्थात, चोरांच्या भीतीने काचा लावायच्या ठरावावर माझीही सही आहे.

गेल्या सभेत मी भिंतीत एक दिंडी दरवाजा ठेवायचं सुचवलं. किल्ली कुणाकडे राहणार, यावर दीड तास गेला.