पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे

स्नेहसंमेलनाचे दिवस आले, की एक चमत्कारिक प्रकार आमच्या दृष्टीस पडतो. स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुलास टाळ्यांचा कडकडाट मिळतो. पालक कौतुकाने माना डोलावितात. तोच मुलगा दुसरे दिवशी अंगणात तसाच मुरडून चालला, तर तेच पालक 'बायकांसारखा काय चालतोस!' म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालतात. चाल तीच, मध्ये पडदा तेवढा नसतो.

स्त्रीवेषाचा आदर महाराष्ट्रास नवा नाही. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व ह्यांनी १९११ साली 'मानापमाना'तील भामिनी, १९१६ साली 'स्वयंवरा'तील रुक्मिणी व १९१९ साली 'एकच प्याल्या'तील सिंधू रंगभूमीवर उभी केली. त्यांच्या नेसण्याची व वेणीफणीची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. १९६४ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. नाच्याच्या वाट्यास मात्र हा मान आला नाही. आपल्या भागातील लोक माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशास गर्दी करतात, नाच्याच्या विनोदास खळखळून हसतात, आणि घरी येऊन त्याच शब्दाची शिवी करतात! चित्रपटांतील नाच्याच्या भूमिकांनी विख्यात झालेले कोल्हापूरचे गणपत पाटील हे मुलाबाळांचे गृहस्थ होते. परंतु लोकांनी सोंगासच माणूस मानले, आणि त्या हेटाळणीची झळ त्यांच्या संसारास लागली.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. एखाद्या मुलास नाच, रांगोळी वा मृदू बोलणे आवडते. एखादी मुलगी केस आखूड ठेविते व कबड्डीत दंग असते. ही केवळ ढब वा आवड होय. तीवरून पुढचे काहीच ठरत नाही. ह्याहून वेगळी गोष्ट अशी, की काही थोड्या मुलांस आपण देहाने दिसतो ते नव्हे, असे अंतर्यामी सतत वाटत असते. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या रोगसूचीत हा विषय मानसिक विकारांतून वगळला. मारझोड, अंगारा किंवा घाईघाईने उरकलेले लग्न ह्यांनी तो पालटत नाही. लग्नाने तर दुसऱ्याही एका जिवाची होरपळ होते.

पालकांचे दु:ख आम्हांस कळत नाही असे नाही. मुलगा वंशाचा दिवा, मुलगी परक्याचे धन, ही अपेक्षा पाळण्यापासूनच बांधलेली असते; शिवाय गावात चारचौघे काय म्हणतील, ही धास्ती. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी मुलगा म्हणून जन्मल्या व पुढे हिजडा समाजात गेल्या. 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे त्यांचे आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याही घरी दु:ख झालेच. परंतु आईबापांनी दार लावून घेतले नाही, आणि त्यांच्या पुढील आयुष्याचा पाया तेथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांस कायद्याने मान्यता दिली. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्यात तर, केवळ तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून न्यायालयाच्या आज्ञेवाचून मुलास आईबापांपासून वेगळे करू नये, असे कलमच घातले गेले.

विद्यार्थ्यांसही एक विनंती आहे. पालक रागावतात ते घरात. टोपणनाव मात्र वर्गात पडते, आणि ते शाळा सुटली तरी सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुखेडच्या बाजारास आले असता आम्हांस भेटले. मुलगा बायकी चालतो, त्यास तालमीत घालावे की दूर वसतिगृहात ठेवावे, अशी त्यांची पृच्छा होती. तो अभ्यासात कसा आहे, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. उलट शिस्तीविषयी चार शब्द बोलून आम्ही त्यांच्या म्हणण्यास दुजोराच दिला. तो मुलगा गणितात हुशार होता. पुढील वर्षी तो शाळेत आला नाही.