नैराश्यावरील उपचार आणि सैन्यातील अधिकारीपदाची वाट
विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजेच एनडीएत, साधारणतः साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात प्रवेश मिळतो. नैराश्याचा आजार अनेकांना प्रथम जडतो, तोही याच वयात. त्यामुळे मानसोपचार विभागात आलेले पालक डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारतात, "केसपेपरवर नोंद झाली तर याचे सैन्यात जाणे थांबेल का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, अडचण येऊ शकते. परंतु त्या भीतीने उपचार टाळणे किंवा मध्येच थांबवणे हे भरतीची संधी हुकण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. उपचार न झालेल्या नैराश्यात जीव जाऊ शकतो.

आजार ओळखताना

परीक्षेत अपयश आले म्हणून चार दिवस मन खट्टू होणे हा आजार नव्हे. मन सतत उदास असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिसत असतील, तर तपासणी करून घ्यावी. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिडच अधिक दिसते. सातारा, घोडाखाल, कझाकुट्टम अशा ठिकाणच्या सैनिक शाळांत किंवा अन्य वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांचे हे बदल घरच्यांना उशिरा कळतात. सुट्टीत घरी आलेला मुलगा मैदानाकडे फिरकलाच नाही, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारपूस करावी.

"फौजी घरातली मुले रडत नाहीत" हे वाक्य अजूनही ऐकू येते. ते मुलांच्या कानांवर न पडलेले बरे.

उपचारात समुपदेशन असते आणि गरजेनुसार औषधेही असतात. औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यानंतरही पहिल्या वेळच्या आजारात ती सहसा आणखी किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात. वैद्यकीय तपासणी जवळ आली म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे, ही चूक अनेक घरांत जाणूनबुजून केली जाते. अशा वेळी चक्कर, मळमळ, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. औषध कमी करायचेच असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हळूहळू करावे. पंचवीस वर्षांखालील रुग्णाकडे औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवावे; काहींच्या मनात या काळात आत्महत्येचे विचार वाढतात. तसे जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गोळ्यांचा साठा घरातील मोठ्या माणसाच्या ताब्यात असावा.

वैद्यकीय मंडळ काय पाहते

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाची, म्हणजेच एसएसबीची, सुमारे पाच दिवसांची मुलाखत होते. तेथील मानसशास्त्रज्ञ अधिकारीपदास लागणारे गुण पाहतात. आजाराचे निदान करणे हे त्यांचे काम नव्हे. शिफारस झालेल्या उमेदवाराची वैद्यकीय तपासणी त्यानंतर लष्करी वैद्यकीय मंडळ करते. सेनादलांच्या वैद्यकीय वर्गीकरणास 'शेप' म्हणतात आणि त्यातील पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचे आहे. प्रवेशाच्या वेळी सर्व घटकांत निर्दोष असणे अपेक्षित असते. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास मंडळ गांभीर्याने घेते आणि त्या कारणाने उमेदवार अपात्र ठरू शकतो. संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेसोबत वैद्यकीय निकष छापलेले असतात. आपण अर्ज करीत असलेल्या वर्षीचेच निकष वाचावेत.

हे कठोर वाटेल. परंतु नैराश्य एकदा येऊन गेलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींना ते पुन्हा गाठते. प्रशिक्षणात झोप अपुरी, शारीरिक श्रम टोकाचे आणि घर दूर असते; पुढे शस्त्र हाती येते आणि नेमणूक अशा चौकीवर होऊ शकते जिथे मानसोपचारतज्ज्ञ लवकर पोहोचू शकत नाही. सेवेत असलेल्यांना मात्र हा आजार झाल्यास उपचार दिले जातात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 पासून आहे.

माहिती लपवावी का?

लपवू नये. पूर्वीच्या आजारांविषयी उमेदवार स्वतःच्या सहीने निवेदन देतो. दडवलेली माहिती पुढे उघड झाल्यास निवड रद्द होऊ शकते, मिळालेली नेमणूकही जाऊ शकते. याहून महत्त्वाचे असे की, ज्याने आजार लपवला तो पुन्हा त्रास सुरू झाल्यावर मदत मागायला कचरतो. मागितली तर जुने सारे बाहेर येईल, ही भीती त्याला गप्प ठेवते.

दुसरीकडे, आपला केसपेपर रुग्णालयातून आपोआप भरती कार्यालयात जाईल, ही समजूतही चुकीची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्याच कारणावरून एखाद्यास आज मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही, असेही हा अधिनियम सांगतो. सेनादलांचे भरतीचे निकष याने शिथिल होत नाहीत. परंतु महाविद्यालयात किंवा नात्यागोत्यात कोणी बोट दाखवले, तर ही तरतूद लक्षात असू द्यावी.

उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. निदान, औषधे, उपचार संपल्याची तारीख आणि सध्याची स्थिती यांविषयी डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र घेऊन ठेवावे. कधीकधी दुःखद प्रसंगानंतरची तात्पुरती अस्वस्थता आणि नैराश्य यांत गल्लत झालेली असते. अशा वेळी मूळ कागद फार उपयोगी पडतात.

अपात्र ठरल्यास

मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते. यासाठी सहसा 42 दिवसांची मुदत असते. कोणत्या रुग्णालयात व केव्हा हजर व्हायचे, हे मंडळाचे अध्यक्ष सांगतात, ते तेथेच लिहून घ्यावे. त्यापुढील पुनर्विलोकन मंडळ मात्र गुणवत्तेवर मंजूर होते, ते हक्काने मागता येत नाही. निकाल फिरवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांना दारात उभे करू नये.

निकालानंतरचे पहिले काही आठवडे घरच्यांनी सावध राहावे. वर्षानुवर्षे एकाच ध्येयासाठी पहाटे धावलेल्या मुलामुलींना हा धक्का मोठा असतो, आणि नैराश्य येऊन गेलेल्यांना तो अधिक लागतो. शेजाऱ्यांना काय सांगायचे, हे त्या मुलालाच ठरवू द्यावे. दुसऱ्या करिअरची यादी त्याच संध्याकाळी पुढे करू नये. डॉक्टरांची पुढील भेट मात्र चुकवू नये.

मरणाचे विचार बोलून दाखवल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेली-मानस सेवा 14416 किंवा 1800-891-4416 या क्रमांकांवर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. कुटुंबीयही या क्रमांकांवर सल्ला घेऊ शकतात.