वीस रुपयांचा विमा आणि हजारांचे खाते

जून महिन्यात पासबुक भरून आणले की अनेकांना त्यात दोन बारीक नोंदी दिसतात. एक २० रुपयांची, दुसरी ४३६ रुपयांची. समोर छापलेल्या संक्षिप्त अक्षरांवरून काही बोध होत नाही. मग "हे कसले पैसे कापले हो?" असा प्रश्न येतो. मी बँकेत एकतीस वर्षे काढली, त्यामुळे निवृत्तीनंतरही हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात गाठतो. हल्ली त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न असतो. बँकेतला टाय लावलेला तरुण घरी येऊन सांगून गेलेला असतो, "काका, तुमचे साधे खाते बदलून वरच्या श्रेणीचे करू या, दहा लाखांचा विमा फुकट मिळेल." घ्यावे का ते खाते?

खरे म्हणजे दोन्ही प्रश्न एकच आहेत. खात्याला चिकटून येणारा विमा त्यासाठी मोजलेल्या पैशांच्या लायकीचा असतो का? माझे उत्तर असे : २० रुपयांचा जरूर घ्यावा, ४३६ रुपयांचा बहुतेकांनी घ्यावा आणि ज्यासाठी हजारो रुपये अडकवावे लागतात तो बहुधा घेऊ नये. मात्र तो असल्याचे घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर तिन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा या दोन्ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा वर्षाचा हप्ता अनुक्रमे १२ आणि ३३० रुपये होता. जून २०२२ पासून तो २० आणि ४३६ झाला. पहिली फक्त अपघाताची. अपघाती मृत्यू आला, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात अथवा दोन्ही पाय कायमचे गेले तर दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. हाड मोडून महिनाभर दवाखान्यात पडून राहिलात, तर त्याचा खर्च यातून मिळत नाही. दुसरी योजना आयुर्विम्याची. मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी वारसाला दोन लाख. नव्याने सामील होणाऱ्याला पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूचेच संरक्षण असते, एवढेच.

वीस रुपयांत आज धड दोन वडापाव येत नाहीत. त्यामुळे पहिल्या योजनेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरीचा हिशेब थोडा वेगळा. ४३६ रुपयांत दोन लाख, म्हणजे लाखाला २१८ रुपये पडले. पंचविशीतल्या निरोगी मुलाने मोठ्या रकमेचा साधा मुदतीचा विमा घेतला तर त्याला लाखामागे याहून कमी पडते. पण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या, साखर वाढलेल्या गृहस्थाला वैद्यकीय तपासणीशिवाय या भावात विमा दुसरीकडे कुठे मिळणार? दर सर्वांना एकच असल्यामुळे वय जितके जास्त तितका हा सौदा फायद्याचा. प्रवेशाची अट मात्र पन्नाशीपर्यंतच, आणि संरक्षण पंचावन्नाव्या वर्षी संपते. अपघाताची योजना सत्तरीपर्यंत चालते.

२०१७ साली मी कोकणातल्या एका शाखेत होतो. एक बाई नवऱ्याचे खाते बंद करायला आल्या. खात्यात जेमतेम अकरा हजार. नवरा माडावर नारळ काढताना पडून गेलेला. मृत्यूचा दाखला, आधार, सगळे कागद नीट पिशवीत घालून आणले होते. आमच्या कारकुनाने पासबुक चाळले आणि बारा रुपयांच्या नोंदीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. बाईंना त्या नोंदीची कल्पना नव्हती. झाडावरून पडणे किंवा सर्पदंश अशा बाबतीत त्या वेळचे रुग्णालयाचे कागद पुरावा म्हणून लागतात. ते त्यांच्या पिशवीत होतेच. दोन लाख मिळाले. कारकुनाने पान उलटले नसते तर बाई अकरा हजार घेऊन घरी गेल्या असत्या आणि खाते बंद झाले असते.

पुढच्याच वर्षी त्याच शाखेत उलटे घडले. चाळिशीतला एक शेतकरी काविळीने गेला. त्याच्या भावाला विमा पक्का ठाऊक होता, कारण आदल्या दोन वर्षी ३३० रुपये कापले गेले होते. तिसऱ्या वर्षी ते कापलेच गेले नव्हते, कारण खात्यात तेवढे पैसे नव्हते. या योजनांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात वळता होतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे बियाणे, खते, शाळेची वह्या-पुस्तके यांसाठी खाती रिकामी होतात. दिल्लीत बसून वेळापत्रक आखणाऱ्यांच्या हे लक्षात आले नसावे. मेमध्ये पाचशे रुपये खात्यात राहू द्यावेत, असे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

आणखी एक गोम. दोन बँकांत खाती असलेल्यांचे हप्ते दोन्हीकडून कापले जातात आणि त्यांना वाटते, आपला चार लाखांचा विमा आहे. नियमाप्रमाणे एका माणसाला एकाच खात्यातून संरक्षण मिळते. दुसरा हप्ता वाया जातो.

आता वरच्या श्रेणीच्या खात्याकडे वळू. तिथला विमा 'फुकट' असतो असे म्हणतात, पण खात्यात सरासरी २५ हजार, ५० हजार किंवा लाख-दोन लाख शिल्लक ठेवावी लागते. ही शिल्लक म्हणजेच फी. बचत खात्यावर मोठ्या बँका सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात, मुदत ठेवीवर सहा-साडेसहा टक्के. चार टक्क्यांचा फरक धरला तर २५ हजारांमागे वर्षाला हजार रुपये, लाखामागे चार हजार रुपये गेले. शिवाय कार्डाचे वार्षिक शुल्क वेगळे.

याच्या बदल्यात मिळते काय? घरात 'दहा लाखांचा विमा' एवढेच ऐकू येते. त्याआधीचा 'अपघाती' हा शब्द विक्रेता हळू उच्चारतो. उतारवयात माणसे बहुधा हृदयविकाराने, मधुमेहाने, कर्करोगाने जातात. त्यावर हा विमा एक पैसा देत नाही. अपघातच झाला तरी अटी असतात. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरचे अपघाती संरक्षण हवे, तर अपघातापूर्वीच्या नव्वद दिवसांत त्या कार्डाने एखादा तरी व्यवहार झालेला असावा लागतो. इतर कार्डांनाही आपापल्या मुदती असतात. कपाटात साडीच्या घडीखाली जपून ठेवलेले कार्ड या दृष्टीने कुचकामी! पगाराच्या खात्यावरचा अपघात विमा मात्र मोठा असतो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, तो अवश्य घ्यावा. फक्त तो पगाराशी बांधलेला असतो. निवृत्त झाल्यावर खाते तेच राहते, क्रमांक तोच राहतो, विमा मात्र बहुधा गेलेला असतो.

खात्याबरोबर मिळणाऱ्या आरोग्य विम्याबाबत जास्त सावध राहावे. तो बहुधा सामूहिक असतो. मूळ करार बँक आणि विमा कंपनी यांच्यात असतो. आपण नुसते सभासद आणि हातात प्रमाणपत्र. बँकेने कंपनी बदलली की अटी आणि हप्ता दोन्ही बदलू शकतात, आणि ते नेमके साठीत झाले तर पंचाईत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, सामूहिक विम्यावर तो राहिला. त्यामुळे 'खातेदारांसाठी स्वस्त' या शब्दांतला स्वस्तपणा पुन्हा मोजून पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये अशा खात्यांना उघडउघड मासिक शुल्क असते, दरमहा दहा-वीस पौंड वगैरे. त्यात प्रवास विमा, मोबाइलचा विमा, रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीसाठी मदत असे सगळे एकत्र बांधलेले असते. वयाच्या किंवा आजाराच्या अटीमुळे ज्यांना तो विमा कधी लागूच होणार नव्हता अशांनाही ही खाती विकली गेली, म्हणून मार्च २०१३ पासून तिथल्या नियामकाने ग्राहकाची पात्रता तपासण्याचा आणि दरवर्षी त्याला तशी आठवण देण्याचा नियम केला. आपली मुले तिकडे आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यांच्या खात्यावरचा प्रवास विमा साधारणपणे तिथल्या रहिवाशांसाठी असतो. इथून नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांना आपला स्वतंत्र विमा इथूनच काढून न्यावा लागतो.

आपल्याकडेही तक्रार नवी नाही. विमा गळ्यात मारल्याने लोकांना कर्जाचा खर्च आडमार्गाने वाढतो, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांना सुनावले. कर्जाच्या किंवा लॉकरच्या टेबलावर 'हा विमा घ्यावाच लागेल' असे कोणी म्हणाले तर 'तसे लेखी द्या' म्हणावे. लेखी कोणी देत नाही, हा माझा टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

विमा चालू ठेवायचा असेल तर पासबुकातली ती नोंद पत्नीला किंवा मुलाला दाखवावी, वारसाचे नाव शाखेत तपासून घ्यावे आणि प्रमाणपत्राची प्रत रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवावी. दावा घटनेनंतर शक्यतो तीस दिवसांत दाखल करायचा असतो, हेही घरच्यांना सांगून ठेवावे. नको असेल, किंवा दोन ठिकाणी कापला जात असेल, तर एका शाखेत मेच्या पहिल्या पंधरवड्यात साध्या कागदावर अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.