माणसे मोजणारा नाखवा

आम्ही खाडी ओलांडून शाळेत जायचो ते होडीने. नाखवा आधी माणसे मोजायचा. एक जरी जास्त भरला, तरी त्याला धक्क्यावर उतरवायचा. मग तो गावचा खोत का असेना! त्याच्यापाशी कागद नव्हता, जबाबदारीची जाण होती.

पुढे होडीला इंजिन बसले. वेग वाढला, तसा धोकाही. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यानुसार नदी-खाडीतल्या इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा हवा. चालवणाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र हवे. चूक झाली तर मालक ‘चालवणारा तो होता’ म्हणून सुटत नाही आणि चालक ‘मालकाने सांगितले’ म्हणून.

केरळात तानूरजवळ ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटली. मुळात ती मासेमारीची. त्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे. २२ जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती.

मित्रहो, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी विचारा : परवानगी किती माणसांची? लाइफ जॅकेट किती? खरा नाखवा या प्रश्नाने रागावत नाही. रागावलाच, तर आपण धक्क्यावरच थांबावे.