ऊन आहे तोवर

सकाळी 6.30

उठल्या उठल्या मोबाइल उघडतो. सौरपंपाच्या कंट्रोलरमध्ये एक सिमकार्ड असतं. काल पंप किती वेळ चालला, किती वीज तयार झाली, हे त्यावरून घरबसल्या दिसतं. काल लख्ख ऊन होतं, तरी जे पंप गप्प राहिले ते आधी टिपून घेतो, मग आलेल्या तक्रारी वाचतो. हा क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय. तक्रार सगळेच करत नाहीत. कुणाला कुठे करायची ते माहीत नसतं, कुणी ‘येतील दोन-चार दिसांत’ म्हणत वाट बघत बसतो. तक्रार नोंदवल्यावर तीन दिवसांत दुरुस्ती व्हावी असं ठरलेलं आहे, पण न नोंदवलेल्याचे दिवस कोण मोजणार? संक्रांत जवळ आलीय. गहू फुलोऱ्यात आहे, हरभऱ्याचे घाटे भरतायत आणि मोसंबीवाल्यांची आंबे बहाराचा ताण तोडायची वेळ झालीय. या दिवसांत पाणी आठवडाभर चुकलं तर वर्ष चुकतं.

7.45

जालन्यात अंबड चौफुलीवर जोडीदार थांबलेला असतो. पिशवीत क्लॅम्प मीटर, रबरी हातमोजे, फ्यूज, एमसी फोर कनेक्टर आणि ते दाबून बसवायची पकड. मागे दोरखंड. गाडी घनसावंगीकडे निघते.

या रस्त्याने आता दोन्ही बाजूंना प्लेटा दिसतात. गावात सोलर पॅनल कुणी म्हणत नाही, प्लेटाच म्हणतात. डिसेंबर 2024 मध्ये राज्यात एक लाख सौर कृषी पंप झाल्याचं महावितरणने जाहीर केलं, तेव्हा जालना जिल्हा पंधरा हजारांहून अधिक पंपांसह राज्यात पहिला होता. बीड दुसरं. याचं कारण सरळ आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा सोडला तर आमची शेती विहिरीवर, बोअरवर आणि शेततळ्यावर चालते. विहीर होती, पाणी होतं, पण लाईट नव्हती. पैसे भरूनही वर्षानुवर्षे कनेक्शन न मिळालेल्यांना महावितरणच्या भाषेत ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. ते शब्द आमच्याकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. केंद्राची कुसुम योजना 2019 ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ 2024 ची. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. उरलेला भार सरकारचा. पंपाबरोबर पाच वर्षांची देखभाल आणि विमाही येतो. माझी दुरुस्तीची नोकरी त्या पाच वर्षांत बसते.

9.15

अंबडच्या पुढे मोसंबीची बाग. ऊन नुकतं तापायला लागलंय. अप्पा बांधावरूनच विचारतात, “भाऊ, मोटर चालू होती अन् लगेच बंद पडती. कामून?”

कंट्रोलरवर ‘ड्राय रन’ दिसतंय, म्हणजे मोटरच्या तोंडाशी पाणी नाही. कोरडी फिरून जळू नये म्हणून यंत्र तिला आपणहून थांबवतं. विहिरीत बॅटरी मारली तर पाणी खाली गेलेलं. दोर लावून मोटर एका पाइपाने खाली सोडली, आणि थोड्या वेळात ड्रीपच्या नळ्यांना धार लागली.

अप्पांशी मग जरा वेळ बोललो, कारण बिघाड यंत्रात नव्हता. लाईटवर मोटर होती तेव्हा थ्री फेज आठवड्यातले काही दिवस रात्री यायची. रात्री दारं धरायला जाणं, अंधारात पायाखाली काय येईल याची भीती, हे सगळं सौरपंपाने संपवलं. बायका-पोरांची झोप परत दिली. यासाठी कुठल्याही सरकारचे आभार मानायला मी तयार आहे. पण उन्हाचं बिल येत नाही, म्हणून मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालूच राहते आणि विहिरीतलं पाणी उतरत जातं. 2012-13 च्या दुष्काळात याच तालुक्यांतल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी उभी झाडं तोडून सरपण केलं. अप्पांनीही तोडली होती. म्हणून त्यांना एवढंच सांगितलं: बागेला पाणी झालं की मोटर बंद करायची, ऊन कितीही असो. त्यांनी मान हलवली.

11.00

पुढची तक्रार ‘पाणी कमी’. इथे मीटर लावायच्या आधीच कारण दिसलं. प्लेटांच्या पूर्वेला लिंबाची फांदी वाढलीय आणि तिची सावली कोपऱ्यातल्या दोन प्लेटांवर पडते. शेतकऱ्याचा हिशेब असतो की दोनच तर झाकल्यात, बाकीच्या मोकळ्या आहेत. पण प्लेटा एकीला एक जोडून माळ केलेली असते. एकीतून करंट कमी वाहिला की सगळ्या ओळीचं बळ घटतं. फांदी छाटली. प्लेटांवर कापसाच्या वेचणीपासूनची धूळ बसलेली होती. ती भर उन्हात धुऊ नका, तापलेल्या काचेला गार पाणी लागलं तर तडा जाऊ शकतो. सकाळी, साध्या पाण्याने, मऊ कापडाने. पंप बसवतानाच हे सांगायला हवं होतं. बसवणारी टोळी दुसरी असते, तिला दिवसाला ठरलेले पंप उभे करायचे असतात.

दुपारी 12.40

सूर्य माथ्यावर. शेतकऱ्यासाठी सगळ्यात जास्त पाण्याची ही वेळ, आमच्यासाठी सगळ्यात धोक्याची.

उंदराने वायर कुरतडली होती. गावातल्या कुणीतरी ती सोलून, पिळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडली. घरातल्या लाईटची वायर अशी जोडून चालून जातं. इथे चालत नाही. पाच एचपीच्या संचात माळेचा दाब चारशे-पाचशे व्होल्टपर्यंत जातो आणि तो डीसी असतो. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. सांधा ढिला पडला की ठिणगी पेटलेलीच राहते आणि प्लॅस्टिक वितळतं. टेपखालचा भाग काळा पडला होता. थोडक्यात वाचलं.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांना पटवणं फार अवघड जातं. डीपीवरचा फ्यूज काढला की लाइन मरते. पण प्लेटांना ऊन लागतंय तोवर त्यांच्यात वीज असणारच, कुणीही कसलाही खटका पाडला तरी. म्हणून आधी मोटर थांबवायची, मग आयसोलेटर पाडायचा, मगच कनेक्टर सोडवायचा. चालत्या मोटरचा कनेक्टर कधीही ओढायचा नाही. जोडीदार नवा आहे, त्याला प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायला लावतो. काम झाल्यावर वायर पाइपात घालून जमिनीत पुरली.

तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत. गावोगाव एक पोरगा किंवा पोरगी डीसीचं काम शिकलेली असली तर ही पिळाची जोडणी बंद होईल. हजारो पंप देणाऱ्या सरकारने हा खर्च उशिरा नाही, आधी करायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

2.30

जांब समर्थच्या बाजूला संयुक्त पाहणी. ही दुरुस्ती नाही, नव्या अर्जाची तपासणी. महावितरणचा माणूस, आम्ही आणि शेतकरी, तिघांनी जागेवर असायचं. अर्ज एका ताईंच्या नावावर आहे, रान दीड एकर. सातबाऱ्यावर बोअरची नोंद आहे, कागद बरोबर आहेत.

अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. हा नियम जमिनीवर ठरतो. पाणी मात्र किती खोल आहे यावर मोटरचं ओझं ठरतं. ताईंचं रान थोडं आणि बोअर खोल. तीन एचपी तेवढ्यावरून पाणी वर आणील, पण धार बारीक असेल, आणि हिवाळ्यात चारनंतर तर आणखी बारीक. शेजारी सहा एकरवाल्याची विहीर उथळ आहे, त्याला साडेसात मिळाला.

ताई म्हणाल्या, “दादा, बारीक का होईना, दिवसा येईल ना?”

येईल. पण त्यांना पुरं सांगितलं. सौरपंप घेतल्यावर त्याच शेतीपंपासाठी विजेचं कनेक्शन मिळणार नाही. एक छोटी टाकी किंवा शेततळं असलं तर दिवसभराची बारीक धार साठवून ड्रीपने देता येईल. त्यांनी मुलाशी फोनवर बोलून सही केली. पाहणीच्या कागदात खोलीचा रकाना मी नीट भरला आणि शेऱ्यात लिहिलं की खोल बोअरला पंप देताना हेड, म्हणजे पाणी किती वर चढवायचंय ते, बघावं. मंजुरीत एकराइतकंच खोलीलाही वजन द्यावं, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत करतो आणि करत राहीन. सगळ्यात कमी जमीन असलेल्यालाच सगळ्यात दुबळा पंप मिळत असेल तर नियम बदलायला हवा.

4.30

ऊन कललं, तशी कंट्रोलरवरची हर्ट्‌झ उतरायला लागली. परतीच्या वाटेवर एक जुना पंप आहे, मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतला, सुरुवातीच्या काळात बसलेला. प्लेटा धडधाकट आहेत, त्या वीस-पंचवीस वर्षं चालाव्यात. कंट्रोलर मात्र गेलाय आणि पाच वर्षांची मुदत संपलीय. यादीत हा पंप नव्हताच, त्याच्या मालकाने, एका मामांनी, रस्त्यात हात केला. बघून घेतलं: आतलं कार्ड जळालंय. नवा कंट्रोलर त्यांच्या खिशातून जाणार. आता दर महिन्याला असे पंप मुदतीबाहेर पडत जाणार आहेत, आणि त्यांच्यासाठी माफक दरातली देखभाल तालुक्याच्या ठिकाणी उभी राहिली नाही तर चांगल्या प्लेटा नुसत्या उन्हात उभ्या राहतील.

7.30

घरी. फोटो आणि रीडिंग पोर्टलवर चढवले. मग माझ्याकडच्या ज्या पंपांची मुदत या वर्षात संपतेय, त्या शेतकऱ्यांना एक निरोप टाइप केला. आजपासून सगळ्यांना पाठवणार:

“तुमच्या सौरपंपाची पाच वर्षं संपत आलीत. त्याआधी कंट्रोलर, मोटर, अर्थिंग आणि वीजरोधक एकदा तपासून घ्या. पाणी पूर्वीपेक्षा कमी पडत असेल तर आत्ताच तक्रार करा. तोंडी सांगू नका, पोर्टलवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुदतीच्या आत नोंदवलेली तक्रार कंपनीला सोडवावी लागते.”