चाक जमिनीवर टेकले पाहिजे

विषयाचे नाव वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. युनियनच्या माणसाने बोनसवर, महागाई भत्त्यावर, फार तर कामगार कायद्यावर बोलावे. शर्यतीच्या मोटारसायकलशी त्याचे काय नाते? नाते असे की, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून या शहरातील हजारो घरांची चूल दुचाकीवर पेटते आहे. आम्ही ज्यांच्यात वावरतो त्यांपैकी कोणी फोर्कच्या नळीला झिलई देतो, कोणी ओतकामाचे कंगोरे घासतो, कोणी पाळीभर एकच वॉशर एकाच जागी बसवतो. तो वॉशर तेथे का बसतो, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. आमच्या मते ते जाणून घेण्याचा त्याचा हक्क पगाराच्या हक्काइतकाच खरा आहे. आणि ते ज्या यंत्रात अगदी उघड दिसते, असे यंत्र म्हणजे मोटोक्रॉसची गाडी.

या शर्यतीला सडक नसते. चढ, उतार, खड्डे, चिखल आणि मुद्दाम रचलेले उंचवटे अशा मातीच्या बंद वाटेवर ती होते. तिचा उगम १९२४ च्या सुमारास इंग्लंडात झाला; ५०० सीसी गाड्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ पासून सुरू झाली. तिचेच मैदानी रूप, ज्याला सुपरक्रॉस म्हणतात, ते आपल्या पुण्याच्या बालेवाडीत २८ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रीय लीगच्या पहिल्या फेरीत लोकांनी पाहिले. पाहणाऱ्याला वाटते की, गाडी उडते हेच तिचे कौशल्य. गाडी बनवणाऱ्याचे दुखणे नेमके उलटे आहे. हवेत असलेल्या चाकाला तुम्ही कितीही अश्वशक्ती द्या, ते नुसते गरगर फिरते. गाडी एक बोटभरही पुढे जात नाही.

परंतु आपल्याकडच्या तरुणांची पहिली धाव इंजिनाकडेच असते. आरएक्स १०० ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनी १९८५ ते १९९६ पर्यंत बनवत असे. ती अजून जिवापाड जपणारी मंडळी शहरात आहेत, आणि तिचा सायलेन्सर कापून आवाज वाढवणारीही आहेत. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, हा समज मात्र चुकीचा. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर जाण्याचे भोक उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले थोडे धुराबरोबर निसटते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या इंजिनिअराने यावर इलाज बसवला. नळी आधी रुंदावत न्यायची आणि मग निमुळती करायची. रुंदावणाऱ्या भागामुळे मागे ओढ निर्माण होते आणि ताजा माल खेचला जातो; निमुळत्या भागावर दाबाची लाट आपटून परत फिरते व निसटू पाहणारा माल पुन्हा सिलिंडरात ढकलते. म्हणजे नळीचा आकार हाच तेथे इंजिनाचा एक भाग झाला. ती मध्येच कापणाऱ्याने आपल्या हाताने आपली शक्ती रस्त्यावर सांडली. एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे पळाला, आणि १९६२ साली सुझुकीला पहिले जागतिक अजिंक्यपद मिळाले. नकाशाच्या कपाटापेक्षा माणसाच्या डोक्यात जास्त माल असतो, हे मालक मंडळींनाही तेव्हा कळले असेल.

पण त्या लाटेचा वेग जवळजवळ ठरलेला, म्हणून ती वेळेवर पोहोचते ती इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवरच. खाली इंजिन मरगळलेले, वर एकदम उसळी. सडकेवर हे चालून जाते, चिखलात नाही. तेथे एकदम आलेला जोर चाकाला जागच्या जागी फिरवतो. म्हणून मोटोक्रॉसचे कारागीर कित्येकदा मुद्दाम जड फ्लायव्हील घालतात आणि उसळी बोथट करतात. शर्यतीच्या गाडीचा जोर कमी हिसक्याचा करायचा, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही.

साठीच्या दशकात मागच्या चाकाची खालीवर हालचाल साधारण १०० मिलिमीटर असे. आज ती ३०० च्या आसपास आहे. हा फरक घडवणाऱ्यांत लुसियन टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअराचे नाव घ्यावे लागते. दोन बाजूंच्या दोन आखूड शॉक अॅब्सॉर्बरऐवजी टाकीखाली एकच लांब शॉक बसवावा, अशी त्याची कल्पना. सुझुकीने ती घेतली नाही, यामाहाने घेतली. आणि १९७३ साली हाकान आंडरसन हा स्वीडिश स्वार त्याच रचनेवर २५० सीसीचा जगज्जेता झाला.

आता शॉकच्या पोटात शिरू. त्यात दोन गडी असतात. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेले सारे परत करते. ती एकटी असती तर गाडी चेंडूसारखी टप्पे घेत राहिली असती. दुसरा गडी तेल. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने अर्धवट दाबून दांडा हळू ढकला, सहज जातो. जोराने ढकला, अडतो. तेलाचे तसेच आहे. बारीक वाटेतून जाताना ते धक्क्याची उष्णता करून टाकते आणि परत काही देत नाही. तेल तापले की त्याला फेस येतो आणि फेस काही अडवत नाही, म्हणून नायट्रोजन वायूचा दाब देऊन तेल आवळून ठेवतात.

तेलाच्या वाटेवर पोलादी पातळ चकत्यांची चळत असते. हाच तो वॉशर. कारागीर त्याला शिम म्हणतात. जाडी ०.१, ०.१५, ०.२ मिलिमीटर. तेल जोराने आले की चकत्या वाकतात व वाट देतात. चकतीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ०.१ च्या जागी ०.२ ची बसली तर ती दुप्पट नव्हे, आठपट ताठ. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. पाळीच्या शेवटच्या तासाला डोळे मिटू लागलेल्या माणसाने एक चकती उलटसुलट केली, तर स्वाराला गाडी दगडाची वाटेल. आम्हांला हा हिशेब कळला तेव्हापासून मायक्रोमीटर घेऊन बसणाऱ्या मुलीबाळींकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पुढच्या फोर्कचेही असेच. जुन्या रचनेत वर बारीक नळी आणि खाली जाड. पण वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येतो तो वर, जेथे नळी चिमट्यात आवळलेली असते. म्हणून फोर्क उलटा केला: जाड नळी वर, बारीक खाली. मोटोक्रॉसमध्ये रुळलेला हा फोर्क पुढे सडकेच्या गाड्यांवर आला. केटीएम या मोटोक्रॉसवर वाढलेल्या ऑस्ट्रियन कंपनीत बजाजने २००७ साली भाग घेतला. तिच्या चाकणला बनणाऱ्या ड्यूक गाड्यांवर तो दिसतो. आपल्या शहरात १९८५ साली ॲल्युमिनियमच्या ओतकामावर सुरू झालेली एन्ड्युरन्स कंपनी आज फोर्क आणि शॉक बनवते, त्यांत उलटे फोर्कही आहेत.

बाकीचे फेरफार किरकोळ वाटतात, पण वेळ तेथेच वाचतो. स्वार बसल्यावर मागची बाजू सुमारे १०० मिलिमीटर खाली बसली पाहिजे, कारण चाकाला खड्ड्यात उतरायलाही वाव हवा. टायरची हवा १२ ते १४ पौंड. इतक्या कमी हवेवर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटेल, म्हणून रिमलॉकची पकड. पुढे १३ आणि मागे ५० दात असतील तर पुढचा एक दात बदलणे म्हणजे मागचे जवळजवळ चार बदलणे. बारीक फरक हवा असेल त्याने मागच्या स्प्रॉकेटला हात घालावा. आणि बदल एका वेळी एकच. चांगले कारागीर वही ठेवतात: माती ओली की कोरडी, हवा किती, चकत्या कोणत्या, फेरीला सेकंद किती, आणि शेवटच्या रकान्यात स्वाराचे शब्द, तो बोलला तसेच.

त्या रकान्यात एक तक्रार हटकून येते: हात भरून आले. जागतिक स्पर्धेतली एक शर्यत ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्या चालते. तेवढ्यात स्वाराच्या पोटऱ्यांसारखे त्याचे हातही दगडी होतात, बोटांना क्लच ओढवत नाही. मग हॅण्डलखाली रबर घालतात, मुठी बदलतात, शॉक पुन्हा उघडतात. त्याचे म्हणणे कोणी खोटे मानत नाही, कारण सेकंद जातात. त्याच गाडीचे ओतकाम घासणारा फेटलिंगवरचा माणूस मात्र रोज तासन्‌तास ग्राइंडर धरून असतो. थंड देशांत अशांची बोटे पांढरी पडतात; आपल्या उष्ण हवेत बहुधा मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, शर्टाचे बटण लागत नाही. यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली करार केला. युरोपने २००२ साली आठ तासांच्या सरासरीला ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही हादऱ्याची कमाल मर्यादा ठरवली.

आमच्या काही फेटलिंगवाल्या मंडळींनी गेल्या वर्षापासून कारागिरांसारखीच वही घातली आहे. ग्राइंडर किती तास चालला, त्याचे चाक कधी बदलले, नवे चाक हलते आहे काय. आणि शेवटचा रकाना बोटांचा. पहिल्या चार पानांवर तो कोराच होता, कोणी लिहायला धजेना. पाचव्या पानापासून अक्षरे दिसू लागली आहेत.