दोन काड्यांत जाळ
स्काऊट-गाइडच्या द्वितीय सोपानात एक चाचणी असते. उघड्यावर लाकडं रचायची आणि फार तर दोन काड्यांत पेटवायची. कोरपना तालुका कापसाचा. चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काटक्या, घालतच इथली मुलं मोठी होतात. त्यांना हे सोपं जायला हवं. पण मी पाहिलं ती सकाळ भादव्यातली होती, मैदानात चिखल आणि पऱ्हाटी रात्रभर भिजलेली. आठवीतल्या मुलानं घाईनं जाड काटक्या रचल्या. पहिली काडी वाया गेली.

"वली हाये सर, नाही पेटत."

सर गप्प राहिले. मुलगा थोडा थांबला. मग एकेका काटकीची ओली साल सोलून त्यानं आतलं कोरडं लाकूड तासलं, छिलके मुठीत जमवले, वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि दुसरी काडी छिलक्यांच्या अगदी खाली धरली. आधी नुसता धूर, मग जाळ. सरांनी त्याच्या वहीत तारीख घालून सही केली.

प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा या पायऱ्या. वचन आणि नियम आले की दीक्षाविधीत गळ्यात स्कार्फ येतो. प्रथमोपचारात तोच स्कार्फ मोडलेल्या हाताची झोळी होतो. रीफ नॉट, क्लोव्ह हिच या गाठी प्रथम सोपानातल्या. प्रत्येक पायरीवर काही महिने काम केल्याशिवाय पुढची चाचणी नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. संघातल्या सगळ्यांनाच सोपान मिळू शकतो, आणि मागे पडलेल्याला गाठ शिकवणं हे संघनायकाचं काम.

रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाइडचा कोटा असतो, म्हणून राष्ट्रपती पुरस्काराचं नाव काढलं की पालक लक्ष देऊन ऐकतात. त्यात वावगं काही नाही. अडतं ते राज्य पुरस्काराच्या शिबिरापाशी, कारण तिथे मुक्काम असतो. मुलीला बाहेरगावी रात्री ठेवायला घरचे धजावत नाहीत. गाइड कॅप्टन मॅडम घरोघर जाऊन "मी सोबत आहे ना, काकू" म्हणून पटवतात. तरी तृतीय सोपानावरच थांबलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. हीच शिबिरं इथेच तालुक्यात, गडचांदूर किंवा कोरपन्याला भरवली, तर त्यातल्या कितीतरी जणी पुढे जातील.